ताणा इथला, बाणा जगाचा

जागतिकीकरण १९९१ साली भारतात आले, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्या दिवसापासून देशाची दारे उघडली, असा एकंदर समज आहे. चळवळीतल्या मंडळींनी खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांची आद्याक्षरे जुळवून ‘खाउजा’ असा शब्दही तयार केला. तो इतका रुळला की सभेत कोणी ‘खाउजा’ म्हटले की पुढचे भाषण ऐकायची गरज उरत नसे. परंतु जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसत आली, त्यांचा इतिहास पाहिला तर ही तारीख फार उशिराची वाटते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, बुऱ्हाणपूर, धुळे ही विणकरांची गावे जगाच्या बाजाराला दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच बांधली गेली होती. त्या बांधणीत कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, हा या लेखाचा विषय आहे.

पॉल बैरोक या अर्थ-इतिहासकाराने मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. १७५०च्या सुमारास जगातल्या एकूण कारखानदारी मालापैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतीय उपखंडात तयार होत होता. १९०० साली हा हिस्सा दोन टक्क्यांच्याही खाली आला. हे आकडे अंदाजाचेच आहेत, पण घसरणीबद्दल फारसा वाद नाही. आपल्या शालेय पुस्तकात हे एका वाक्यात येते: इंग्रजांनी भारतीय विणकर बुडवला. मी वर्गात हे वाक्य अनेक वर्षे शिकवले आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे.

मँचेस्टरच्या गिरण्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत पूर्णपणे कोणाला बुडवले असेल, तर सूत कातणाऱ्यांना. कातण्याचे काम बहुतेक करून बायकांचे होते. शेतकऱ्याची, मजुराची, विधवा झालेल्या घरातली बाई चरख्यावर चार पैसे मिळवत होती. गिरणीचे स्वस्त सूत आले आणि हे चार पैसे देशभर एकदम बंद झाले. त्या बायकांची कैफियत कोणी लिहून ठेवली नाही, कारण त्यांचा धंदा हा धंदा म्हणून कोणी मोजलाच नव्हता. विणकराचे तसे झाले नाही. त्यालाही मार बसला, पण तेच गिरणीचे सूत त्याला स्वस्तात मिळू लागले. जाड्याभरड्या कापडात आणि साध्या धोतरजोड्यात तो गिरणीपुढे टिकला नाही. किनारीच्या, रंगीत सुताच्या लुगड्यांत मात्र तो टिकला, कारण असा माल थोडा थोडा आणि गावागावाच्या चवीप्रमाणे लागे, आणि गिरणीला ते परवडत नसे. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या लहान शहरांच्या भांडवलशाहीवर २०१२ साली जे पुस्तक लिहिले, त्यात हेच सविस्तर दाखवले आहे. एकाच घरात, एकाच व्यापारामुळे, सासूचा चरखा थांबला आणि मुलाचा माग चालू राहिला. विषमतेचा इतिहास असा घराच्या आतूनही जातो. देशाच्या सरासरीत तो दिसत नाही.

मालेगावची मोमीन-अन्सारी बिरादरी याच काळात दक्षिणेकडे आली. मऊ, आझमगढ, बनारस, अलाहाबाद या टापूतून आग्रा रोडने पायी-बैलगाडीने कुटुंबे निघाली. १८५७ नंतरची धरपकड, पुढे १८६०च्या दशकातला दुष्काळ आणि बुडालेला बाजार अशी कारणे घराघरांत सांगितली जातात. मोसम नदीच्या काठी, नारोशंकराच्या भुईकोट किल्ल्याच्या आसऱ्याने ही माणसे वसली. यांतले काही भिवंडीला गेले, काही धुळ्याला, काही बुऱ्हाणपुरात थांबले. त्याच दशकात खानदेशात रेल्वे आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपले, भाव कोसळला आणि चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होते. अमेरिकेतल्या युद्धाचा नफा मुंबईत राहिला आणि त्याची उधारी खेड्यात उरली. पुढच्या काळातही हीच तऱ्हा पुन्हा पुन्हा दिसते.

गिरण्या फक्त मँचेस्टरला नव्हत्या. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि शतक संपेपर्यंत मुंबई हे गिरण्यांचे शहर झाले. तेव्हा लँकेशायरच्या मालकांनी ओरड केली आणि १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना भारतीय गिरणीच्या कापडावरही तेवढाच कर बसवण्यात आला. खुल्या व्यापाराचा उपदेश करणाऱ्यांनी असा हिशेब केला होता. तो कर १९२५ साली थांबला. हे मुद्दाम सांगतो, कारण बाजार खुला असणे आणि बाजाराचे नियम कोणी लिहिले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडच्या चर्चेत दोन्हींची नेहमी गल्लत होते.

आता यंत्रमागाकडे येऊ. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. मालेगावात आणि भिवंडीत हे यंत्र प्रामुख्याने १९३०च्या दशकात आले. यातले कितीतरी माग नवे नव्हतेच. गिरण्यांनी जुने झाले म्हणून काढून टाकलेले माग भंगाराच्या भावात घेऊन, दुरुस्त करून, मातीच्या भिंतींच्या खोलीत बसवले गेले. गिरणीत वय झालेले लोखंड विणकराच्या घरात पुन्हा तरुण झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमाग वाचवायचा म्हणून गिरण्यांना नवे माग बसवण्यास मनाई केली. हातमाग काही त्यामुळे वाचला नाही. जी जागा मोकळी झाली ती यंत्रमागाने घेतली, आणि कायद्याच्या दाराने नव्हे, खिडकीने घेतली. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार झाले की कारखाना कायदा लागू होत असे, म्हणून एकाच छताखालचे माग भाऊ, बायको, मेहुणा यांच्या नावांवर वाटून दाखवायचे, ही रीत तेव्हापासूनची. तिला आपण कोणी फारशी लबाडी मानत नाही. पण तिच्यामुळे तीन पिढ्यांच्या मजुरांना प्रॉव्हिडंट फंड नाही, हजेरीकार्ड नाही, अपघात झाला तर भरपाई नाही, हेही मान्य केले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणगाव उद्ध्वस्त झाले आणि कापडाची मागणी भिवंडी-मालेगावकडे वळली. आमच्या वडिलांच्या पिढीला ही बरकतीची वर्षे म्हणून आठवतात. मुंबईच्या परळ-लालबागच्या मराठी कामगाराच्या घरात ज्या वर्षी चूल विझली, त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात दुमजली घरे उठली. दोघांचे हाडवैर नव्हते, ओळखही नव्हती. गिरणीत पगार आणि संघटना होती, लूममध्ये मीटरवर मजुरी होती. भांडवल स्वस्त मजुरीकडे गेले, एवढेच घडले. हे देशाच्या आतले, घरगुती जागतिकीकरणच म्हणायचे. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. त्याची कथा इतरांनी चांगली लिहिली आहे, म्हणून येथे थांबतो.

१९९१ नंतर काय झाले? देशातली सरासरी आयात-जकात ऐंशी टक्क्यांच्या वर होती, ती काही वर्षांतच तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास आली. डंकेल प्रस्तावावर आपल्याकडे मोर्चे निघाले, १९९४ साली मराकेश येथे करार झाला आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. कापडाच्या धंद्याला आणखी एक तारीख महत्त्वाची. १९७४ पासून श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या कापडावर आणि तयार कपड्यांवर देशवार कोटा लावला होता. तो टप्प्याटप्प्याने काढून ३१ डिसेंबर २००४ रोजी संपवण्यात आला. कोटा गेला की भारतातल्या कापडाला सारे जग मोकळे, असे तेव्हा वर्तमानपत्रे लिहीत होती. आमच्या गावातही चहाच्या हॉटेलात अमेरिकेच्या बाजाराच्या गप्पा चालत.

अर्थशास्त्राचे पुस्तकही असेच सांगत होते. स्टोल्पर आणि सॅम्युएल्सन या दोघांनी १९४१ साली एक सिद्धांत मांडला. सोप्या भाषेत सांगायचे तर, ज्या देशात मजूर मुबलक आणि भांडवल कमी, तो देश मजुरीप्रधान माल परदेशी विकील, म्हणून तेथे मजुरी वाढेल आणि विषमता घटेल. सिद्धांत मोठा दिलासा देणारा आहे. पण मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबिया, भारत अशा ठिकाणी १९८० आणि १९९०च्या दशकांत जे मोजले गेले ते निराळेच निघाले. पिनेलोपी गोल्डबर्ग आणि नीना पावच्निक यांनी २००७ साली या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. बाजार खुले होत असताना शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगारांच्या मिळकतीतले अंतर अनेक विकसनशील देशांत वाढलेलेच दिसले. नवी यंत्रे आली, ती चालवायला शिकलेली माणसे लागली. ज्या उद्योगांत अडाणी मजूर जास्त, नेमके त्यांचेच संरक्षण आधी जास्त होते, त्यामुळे जकात उतरल्याचा फटकाही त्यांनाच जास्त बसला.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पेट्या टोपालोवा यांची भारतावरची पाहणी. ज्या जिल्ह्यांतल्या उद्योगांवरची जकात जास्त उतरली, तेथे ग्रामीण दारिद्र्य कमी होण्याचा वेग इतरांपेक्षा मंदावला. कारण काय? माणूस हलला नाही. पुस्तकातला मजूर एक धंदा बसला की दुसऱ्या धंद्यात जातो, एक गाव बसले की दुसऱ्या गावात जातो. खरा मजूर तसा जात नाही. गंमत पाहा, ज्यांचे पणजोबा बनारसहून मोसमच्या काठापर्यंत चालत आले, त्यांची पोरे आज पुण्याच्या एखाद्या कारखान्यात जायला दहादा विचार करतात. तेथे राहायला खोली कोण देणार, आपल्या नावाला कोण देणार, मुलांची उर्दू शाळा कोठे, आणि काम गेले तर कोणाच्या दारात बसायचे, हे त्यांचे प्रश्न आहेत. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. एखाद्या समाजाने एका जागी घट्ट राहावे यामागे त्याच्या मनाइतकाच बाहेरच्या जगाचाही हात असतो.

मालेगावात कोटा संपल्याचा फायदा का आला नाही, हे समजायला धंद्याची उतरंड पाहावी लागते. वर सुताचे आणि कापडाचे व्यापारी. मधे मागवाले. यांतही स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकणारे थोडे, आणि व्यापाऱ्याचे बीम आणून मीटरवर विणून देणारे फार. इचलकरंजीकडे त्यांना ‘खर्चीवाले’ म्हणतात. खाली मजूर, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चार-सहा माग सांभाळणारा. सर्वांत खाली, घरात बसून कांड्या भरणाऱ्या बायका आणि मुली. परदेशी बाजाराला लागतो तो रुंद पन्ह्याचा, दोष नसलेला, लांबलचक माल. आमचे साधे धोट्याचे माग तो काढू शकत नाहीत. त्यासाठी बिनधोट्याचे रॅपियर किंवा एअरजेट माग लागतात. सरकारने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली आणि कर्जाच्या व्याजात पाच टक्क्यांची सूट दिली. योजना चांगलीच होती. पण सूट कर्जावर, कर्ज बँकेचे, आणि बँकेला हवीत कागदपत्रे: जागेचा उतारा, विक्रीकराची नोंद, तीन वर्षांचे हिशेब. ज्याने तीन पिढ्या कायद्याच्या खिडकीने ये-जा केली, त्याच्याकडे दाराची किल्ली कोठून असणार? कित्येकांना व्याजाच्या व्यवहाराबद्दलच संकोच होता, तोही एक भाग. शिकल्या-सवरलेल्या, कागद नीट ठेवणाऱ्या मालकांनी योजना घेतली आणि ते पुढे गेले. बाकीचे जेथे होते तेथेच राहिले, म्हणजे मागे पडले.

सुताचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १९९०च्या दशकापासून भारतातून सुताची निर्यात वाढत गेली. सूतगिरणीला देशातला भाव पटला नाही तर ती परदेशी विकते, त्यामुळे मालेगावच्या विणकराला आता चीनच्या खरेदीदाराशी बोली लावावी लागते. २०१०-११ साली जगात कापूस भडकला, मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. सूतगिरणीने वाढीव भाव सुतावर चढवला. खर्चीवाल्याला तो कापडावर चढवता आला नाही, त्याने माग बंद ठेवले. मजुराला बंदच्या दिवसाची मजुरी नसते. भाव वाढला तो कापसाचा, पण त्याचा बोजा उतरंडीने खाली खाली घसरत शेवटी ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्याजवळ येऊन थांबला.

म्हणून जागतिकीकरणाने गरिबांचे वाटोळेच केले, असे मात्र मी म्हणणार नाही. चीनकडे पाहा. १९७८ नंतरच्या चाळीस वर्षांत तेथे जवळजवळ ८० कोटी माणसे अतिदारिद्र्यातून बाहेर आली, असा जागतिक बँकेचा हिशेब आहे. इतिहासात असे पूर्वी कधी झाले नव्हते. आणि त्याच काळात तेथली विषमताही वाढत जाऊन २००८ साली गिनी गुणांक सरकारी आकड्यांप्रमाणेच ०.४९ वर पोचला. शून्य म्हणजे सगळे सारखे आणि एक म्हणजे सगळे एकाच्याच घरात, असे हे मोजमाप. दारिद्र्य घटले आणि विषमता वाढली, दोन्ही एकदम. ज्यांना यातले एकच दिसते, मग ते डावे असोत की उजवे, त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही.

बांगलादेशचे उदाहरण आम्हाला अधिक जवळचे. ज्या प्रदेशाची मलमल जगाने नेसली आणि ज्याच्या विणकरांना एकोणिसाव्या शतकाने धुऊन काढले, तेथे आज सुमारे चाळीस लाख माणसे तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करतात. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. खेड्यातली मुसलमान मुलगी सकाळी डबा घेऊन कारखान्यात जाते, महिन्याचा पगार हातात घेते, लग्नाचे वय लांबवते. हे फतव्याने झाले नाही आणि भाषणानेही झाले नाही. पण २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावले गेले. त्यानंतर किमान वेतन ३००० टक्यांवरून ५३०० टके झाले. ते नुसत्या बाजाराने वाढवले नाही. मृतांचे फोटो जगभर छापले गेले, कामगार रस्त्यावर आले आणि तयार कपडे घेणाऱ्या कंपन्यांना लाज वाटली, तेव्हा वाढले.

भारताचे एकूण चित्र पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली मांडले. देशाच्या एकूण उत्पन्नात सर्वांत वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९८२ साली सहा टक्क्यांच्या आसपास उतरला होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला. खालच्या पन्नास टक्क्यांच्या वाट्याला १५ टक्के येतात. या आकड्यांवर आक्षेप आहेत. खर्चाच्या पाहण्यांवरून मोजणारे अर्थशास्त्रज्ञ एवढी विषमता मानत नाहीत. पण योगायोग पाहा, विषमता सर्वांत कमी असण्याचे ते वर्ष आणि गिरणी संपाचे वर्ष एकच आहे.

आपल्या समाजात एक बोलणे नेहमी ऐकू येते: आम्हाला बाहेरच्यांनी मागे ठेवले. त्यात तथ्य आहे. सच्चर समितीने २००६ साली ते सरकारी कागदावर मांडलेही. मुसलमान कामगारांत स्वयंरोजगाराचे, कारागिरीचे प्रमाण जास्त आणि म्हणून खुल्या बाजाराचा मार त्यांना जास्त, हा मुद्दा त्या अहवालात येतो. पण अहवाल हातात धरून भाषण देणारे सगळेच मागवर बसणारे नाहीत. आपल्याच बिरादरीत शंभर-दोनशे मागांचा मालक आणि त्याचा मजूर एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे असतात. नमाज संपली की एकाचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या बसमध्ये बसतो आणि दुसऱ्याचा माझ्या वर्गात येतो, किंवा येत नाही. सूत महागले, माग बंद पडले की मोठ्या वर्गांत मुले कमी होतात. हे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाच्या आधी हजेरीपटाला कळते. मुलगा हॉटेलात, गॅरेजमध्ये लागतो, मुलगी आईबरोबर कांड्या भरते. आठवीतून गळालेली मुले मंदी सरली तरी क्वचितच परत येतात. गोल्डबर्ग-पावच्निक ज्या शिक्षणाच्या अंतराबद्दल लिहितात, ते पुढच्या पिढीसाठी येथे तयार होते. मालकाने जकात वाढवण्यासाठी मंत्र्याला निवेदन द्यावे, जरूर द्यावे. मजुराच्या मुलीची दहावीपर्यंतची फी आणि पुस्तके बघायला मात्र दिल्लीची परवानगी लागत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीने रोख मजुरीवर चालणारी ही गावे काही आठवडे ठप्प झाली. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, २०२० साली टाळेबंदी. तिन्हींचा जागतिकीकरणाशी थेट संबंध नाही, पण धक्का सहन करण्याची ताकद आधीच संपलेली होती. मालेगावचे नाव वर्तमानपत्रांत येते ते स्फोटांसाठी, निवडणुकांसाठी, फार तर शुक्रवारच्या सुटीला सिनेमा बनवणाऱ्या हौशी पोरांसाठी. माग विकले जात असल्याची बातमी आतल्या पानावर असते.

साधा यंत्रमाग आता यंत्र म्हणून विकला जात नाही, किलोवर विकला जातो. भंगारवाला लाकडी भाग वेगळे काढतो, लोखंड ट्रकमध्ये भरतो आणि ते भट्टीकडे जाते. मोकळ्या झालेल्या खोलीत कोणी शिकवणीचा वर्ग काढतो, कोणी प्लास्टिकचा धंदा टाकतो. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याने त्याच जागी रॅपियर बसवला आहे. त्यावर जुन्या कारखान्यापेक्षा निम्मीही माणसे लागत नाहीत, आणि जी लागतात त्यांना निदान पॅनेलवरचे इंग्रजी वाचता यावे लागते.